दुसरं आणि तिसरं अक्षर

फळ्यावर दोन इंग्रजी शब्द एकाखाली एक लिहून झाले की सर वर्गाकडे वळायचे नाहीत. फळ्याकडेच तोंड ठेवून, खडूचा हात खाली सोडून विचारायचे, "काय फरक?" उत्तर यायला वेळ लागायचा. तोवर ते तसेच उभे. मागून पाहणाऱ्याला वाटावं, माणसाला उभ्याउभ्या डुलकी लागली की काय. मग कोणीतरी धीर करून म्हणायचं, "काईच नाई सर, दोनी सारखेच हाये." सर मान हलवायचे आणि म्हणायचे, "पुन्हा पाहा."

असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. गुडघे दुखतात, डोळे चुरचुरतात, वर्षानुवर्षं तेच पुस्तक शिकवून त्याची पानं तोंडपाठ झालेली असतात, आणि तरी घंटा झाली की खुर्चीचा हात धरून उठतात. आमचे सर त्यातलेच. उठताना रोज म्हणायचे, "चला, ओढू आजचा दिवस."

तामसीकडच्या एका गावातल्या शाळेत आम्ही दोघं बरोबर होतो. शाळा मराठी माध्यमाची, पण राज्य तेव्हाचं आंध्र प्रदेश. पोरांना घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी. मी गणित शिकवायचो आणि सर इंग्रजी. दोघंही आदिलाबादला राहायचो, सकाळच्या बसने जायचो, संध्याकाळच्या बसने परत यायचो. सर मूळचे त्याच गावचे. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात राबले, आई दुसऱ्याच्या शेतात निंदायला गेली, आणि पोरगा इंग्रजीचा मास्तर झाला. याचं कोणी कौतुक केलं की ते कंटाळल्यासारखे हसायचे. "झालो ना बापा मास्तर. आता निंदणंच करून राह्यलो. एक गवत काढलं की दुसरं उगवते."

दहावीच्या पेपरात सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्यांवर एक प्रश्न असायचा. सरांचा सगळा भर त्यावर. मला म्हणायचे, "निबंध या पोरायले जमणार नाही. पण दोन शब्द जवळजवळ ठेवले तर डोळे तरी उघडे ठेवतील." प्रिन्सिपल हा शब्द ते दोन तऱ्हांनी लिहायचे आणि सांगायचे, "एक प्रिन्सिपल खुर्चीत बसतो. दुसरं म्हणजे तत्त्व, ते माणसाच्या आत असावं लागतं. दोन्ही एका जागी क्वचित सापडतात." एकदा आमचे तेलुगू हेडमास्तर नेमके दाराबाहेर होते. मराठी त्यांना चांगलं कळायचं. आत डोकावून त्यांनी विचारलं, "मास्टारू, हे कोणाबद्दल?" सर म्हणाले, "स्पेलिंगबद्दल, सर."

आदिलाबादच्या बसस्टँडजवळ एक दुधाचं दुकान होतं. पाटीवर इंग्रजीत डेअरीऐवजी डायरी रंगवलेलं. सर रोज बसच्या खिडकीतून ती पाटी पाहायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. शेवटी एक दिवस राहवेना म्हणून दुकानात गेले. मी बाहेर उभा. दुकानदाराला त्यांनी सगळं समजावून सांगितलं. कोणतं अक्षर कुठे हवं, एका शब्दाचा अर्थ दुधाची जागा, दुसऱ्याचा अर्थ रोजनिशी. दुकानदाराने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मास्टरसाब, दूध में तो कुछ फरक नहीं ना?" सरांनी खिशातून पैसे काढले. मग अर्धा लिटर दूध घेऊन बाहेर आले. मला म्हणाले, "त्याचं बरोबर हाय. दूध चांगलं हाय."

त्या काळात त्या गावात फोन नव्हता. दूरची खबर यायची ती तारेने, आणि तार असायची इंग्रजीत. पोस्टमनला अक्षरं ओळखता यायची, अर्थ लावता येत नसे. म्हणून गावात कोणाचीही तार आली की तो सायकल आधी शाळेकडे वळवायचा आणि ज्याची तार त्याला सरांसमोर उभं करायचा. सर वाचून सांगायचे. बहुतेक तारा एकसारख्याच असायच्या. कोणाचं लग्न ठरलं, कोणी परीक्षेत पास झालं, कोणी सीरियस आहे. 'सीरियस' हा शब्द सर वाचायच्या आधीच लोकांना कळायचा.

अशीच एक तार शांताची आली.

शांताचा नवरा मारोती मंचेरियलला कोळशाच्या कामावर होता. गावातलाच अशोक नावाचा आमचा जुना विद्यार्थी तिकडेच काम करायचा आणि दोघं एका खोलीत राहायचे. शांता गावात सासऱ्याजवळ, लहान मुलीला घेऊन. त्या दिवशी शाळा नुकतीच भरली होती. पोस्टमन पुढे आणि मागे शांता, तिच्यामागे तिचा सासरा सोनबा. शांता शेतातून तशीच आली होती, हाताला माती होती.

सरांनी तार उघडली, वाचली. पुन्हा वाचली. मग खाली पाठवणाऱ्याचं नाव होतं त्यावर त्यांची नजर बराच वेळ थांबली.

"काय लिवलं सर?" शांताने विचारलं.

"मारोती आजारी आहे. लगेच निघा असं लिहिलंय."

"कोनं धाडली?"

"अशोकनं."

"काय बिमारी झाली?" सोनबा म्हणाला.

"ते लिहिलं नाही."

सरांनी तार घडी करून स्वतःच्या खिशात ठेवली. नेहमी ते तार ज्याची त्याला परत द्यायचे. मग ते हेडमास्तरांकडे गेले आणि रजा घेऊन आले. "मी येतो तुमच्यासोबत," ते शांताला म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "तुम्हीपण चला." का, ते मी विचारलं नाही. त्यांचा चेहरा पाहून विचारावंसं वाटलं नाही.

मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवून आम्ही चौघं आदिलाबादला आलो आणि मंचेरियलची बस धरली. उन्हाचे दिवस. बस इंद्रवेल्लीवरून उटनूरला गेली, तिथे बराच वेळ थांबली. सरांनी केळी आणि गरम भजी आणली. शांता नको म्हणत होती. सरांनी पुडी तिच्या हातात ठेवली. "खाऊन घे. सोनबा, तुम्हीही खा. पुढे काही मिळत नाही." ती दोघं खाईपर्यंत सर समोर उभे राहिले. स्वतः त्यांनी पाणीसुद्धा प्यायलं नाही.

उटनूर सुटल्यावर जंगल लागलं. पोटात अन्न गेलं म्हणून असेल, शांता जरा सैल झाली. पुढच्या बाकावरून मागे वळून आम्हाला सांगू लागली, "त्याहिचं असंच राहते सर. जरासा ताप आला का सारं गाव गोळा करते. मांगच्या साली पायात काटा रुतला त मले म्हने, माह्यामागं पोरीले शाळेतून काढू नको बरं." आणि ती हसली. तोंडाला पदर लावून, पण चांगली खळखळून हसली. सोनबाही हसला. "लहानपनापासून तसाच हाय," तो म्हणाला.

सर म्हणाले, "हो, काही माणसं असतात तशी." मग ते खिडकीबाहेर पाहू लागले ते लक्सेट्टीपेट येईपर्यंत त्यांनी मान आत वळवली नाही.

मंचेरियलला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अशोक स्टँडवरच उभा होता. आम्हाला उतरताना पाहून तो धावत आला आणि सोनबाच्या पायांवर पडून रडायला लागला. "बाबा, मी लय प्रयत्न केला. छातीत कळ आली म्हने, दवाखान्यात न्याच्या आंदीच…"

सोनबाला काही कळेना. शांता म्हणाली, "काय झालं? तारंत त आजारी लिवलं होतं."

अशोकने वर पाहिलं. "नाई वयनी. मी त 'गेला' असंच लिवलं होतं." आणि तो सरांकडे पाहायला लागला. आता सगळेच सरांकडे पाहत होते. आजूबाजूला रिक्षावाले ओरडत होते.

"माझ्याकडून वाचण्यात चूक झाली," सर म्हणाले.

पुढचं सांगण्यासारखं नाही. जे असतं ते झालं. दुसऱ्या दिवशी माती आटोपली. शांता आणि सोनबा अशोकबरोबर मागे राहिले आणि आम्ही दोघं परतीच्या बसमध्ये बसलो. बस सुटल्यावर सरांनी खिशातून तार काढून माझ्या हातात दिली.

इंग्रजीत 'आजारी' आणि 'मयत' यांसाठी दोन शब्द आहेत, डिझीज्ड आणि डिसीस्ड, एकमेकांच्या सख्ख्या भावांसारखे दिसणारे. दुसरं आणि तिसरं अक्षर सोडलं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं तेच. तारेत स्पष्ट छापलेला शब्द 'आजारी'चा होता. जे लिहिलं होतं तेच सरांनी वाचलं होतं.

"मग चूक कशाला कबूल केली?" मी विचारलं.

"काय सांगू त्याला? त्या पोरानं एकट्यानं सगळं निस्तरलं. मढ्याजवळ बसला, तार केली, स्टँडवर उभा राहिला. आता त्याला तिथे सांगू, की तुझी दोन अक्षरं चुकली?" सरांनी तार परत घेतली. "आणि तो इथंच चुकायचा. वर्गातही. कितीदा लिहून घेतलं त्याच्याकडून. खाली त्याचं नाव वाचलं आणि त्याची वही डोळ्यांसमोर आली."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"शंका होती. साध्या आजारपणाला कोणी तो शब्द वापरत नाही. सीरियस म्हणतात. पण शंकाच ना. शंकेवर एका बाईला विधवा कसं करायचं?" तार खिशात ठेवत ते म्हणाले, "वाटलं, तिथे पोचू, आणि खरंच नुसता आजारी असेल. अशोकनं एकदा तरी बरोबर लिहिलं असेल."

गावात मात्र व्हायचं ते बोलणं झालं. एवढा इंग्रजीचा मास्तर आणि साधी तार वाचता आली नाही. पारावर कोणी ना कोणी सरांना ऐकू जाईल असं बोलायचं. दहावीतली पोरं एकमेकांना कोपर मारायची. हेडमास्तरांना खरं काय ते मी सांगितलं, तेव्हा ते सरांना म्हणाले, "मास्टारू, गावाला सांगून टाका की." सर म्हणाले, "कशाला? काही दिवस बोलतील. मग दुसरं काही मिळेल."

महिन्याभराने शांता शाळेत आली. मधली सुट्टी होती, स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच. ती दारात उभी राहिली. सरांनी 'बस' म्हटलं तरी बसली नाही.

"सर, अशोक आला होता. तो म्हने, सर वाचाले चुकनार नाई. मीच काईतरी उलटं लिवलं असीन. खरं काय?"

सर काहीतरी सांगून वेळ मारून नेतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "वाचलं ते बरोबर होतं. पण मला शंका आली होती."

"गेला म्हनून?"

"हो."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"खात्री नव्हती."

"शंका हाय एवढं त सांगता येत होतं."

शांताचा आवाज चढला नव्हता. ती दमलेली दिसत होती, सरांइतकीच.

"मी मोटारीत हसली होती, सर," ती म्हणाली. "तिकडं त्याहिचं मढं पडून होतं, आन् मी भजे खाऊन हसून राह्यली होती. तुमी समोर बसून होते."

"हो," सर म्हणाले. "बसून होतो."

ती वळली आणि गेली. घंटा झाली. आठवीवर सरांचा तास होता. सर खुर्चीतून उठले नाहीत. शेवटी मीच आठवीच्या वर्गात जाऊन बसलो.

यानंतर सरांनी ती जोडी फळ्यावर पुन्हा कधी लिहिली नाही, असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. पण तसं झालं नाही. पुढच्याच वर्षी लिहिली. परीक्षेला होती. लिहून झाल्यावर नेहमीसारखे पाठ करून उभे राहिले, पोरांनी नेहमीसारखं चुकीचं उत्तर दिलं.

तारा वाचणं मात्र बदललं. आधी ते आलेल्या माणसाला बसवायचे. घरातलं दुसरं कोणी जवळ आहे का ते विचारायचे, नसेल तर बोलावून आणायला लावायचे. मग शब्द जसा असेल तसा सांगायचे, आणि मनात काही आलं असेल तर तेही. "लिहिलं असं आहे. मला वाटतं ते असं आहे. माझं चूक असू शकतं." लोकांना हे लांबण लावणं वाटायचं. पोस्टमन सायकलवर टेकून कंटाळायचा.

अशोक सुट्टीत गावी आला की सरांना भेटायचा. सर त्याच्याशी कामाच्या पाळ्यांबद्दल बोलायचे, मंचेरियलच्या उन्हाबद्दल बोलायचे. स्पेलिंगचा विषय दोघांनीही काढला नाही.

शांताने पुढे दुसरं लग्न केलं नाही. सोनबा गेल्यावर मुलीला घेऊन एकटीच राहिली, मजुरीला जात राहिली. मुलगी शाळेतून निघाली नाही. सरांच्याच हाताखाली दहावी झाली, इंग्रजीत काठावर. निकालाच्या दिवशी शांता पेढे घेऊन शाळेत आली. सर्वांना दिले, सरांनाही दिला. सरांनी तो तोंडात टाकला आणि म्हणाले, "पुढे शिकव." ती म्हणाली, "शिकवून राह्यली." एवढंच.

होता होता गावात एसटीडीचा बूथ आला आणि तारा बंद झाल्यासारख्याच झाल्या. मग सर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना बोलायला सांगितलं, तेव्हा म्हणाले, "मी फार थकलो. तुम्हीही थकले असाल," आणि खाली बसले. लोक हसले. मला वाटतं त्यांनी तो विनोद म्हणून सांगितला नव्हता.

निवृत्तीनंतर सर फार जगले नाहीत. आदिलाबादच्या दवाखान्यात काही दिवस होते. ते गेले त्या सकाळी त्यांचा मुलगा मला बसस्टँडवर भेटायला आला. सरांची म्हातारी आई अजून होती. गावात सरांच्या धाकट्या भावाकडे राहायची, गाव सोडायला तयार नसायची. तो भाऊही दवाखान्यातच होता. "काका, तुम्ही तसेही शाळेत चाललात," पोरगा मला म्हणाला, "आजीला जरा सांगा. मी मागून जीप पाठवतो."

म्हातारी अंगणात सूप घेऊन तूर निवडत बसली होती. मला पाहून म्हणाली, "या मास्तर. आज इकडं कसे?"

रस्ताभर मी वाक्यं जुळवत आलो होतो. त्यातलं एकही तोंडातून निघेना. "सरांची तब्येत जरा जास्त आहे, आजी," मी म्हणालो. "तुम्हाला आदिलाबादला बोलावलंय. जीप येईल."

"जास्त म्हंजे?"

"जास्त म्हणजे… डॉक्टर आहेत तिथे."

म्हातारीचा हात तुरीत तसाच थांबला. तेवढ्यात शांता आली. ती दोन घरं सोडून राहायची, बसच्या लोकांकडून तिला कळलं असावं. तिने माझं शेवटचं वाक्य ऐकलं होतं. ती माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. मग म्हणाली, "सर, तुमी जरा बाजूले व्हा."

ती म्हातारीसमोर उकिडवी बसली. तिच्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"माय, सर गेले. आज सकाळी. दवाखान्यात."

म्हातारी तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. "कोन म्हनते?"

"हे सर खबर घेऊन आले. त्याहिच्यानं बोलवत नाई."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"लय तरास झाला का त्याले?"

मला वाटलं, आता तरी शांता 'नाही' म्हणेल.

"मले ठाऊक नाई माय," ती म्हणाली. "मी तिथं नव्हती."

म्हातारीचे ओठ हलत राहिले आणि मग तिच्या घशातून आवाज फुटला. शेजारच्या बायका दारात आल्या. मी पुढे झालो, आजी, सावरा, असं काहीतरी म्हणणार होतो. शांताने मागे न वळता हात वर करून मला थांबवलं.

"रडू द्या तिले," ती म्हणाली. "जीप याले टाईम हाये."